अम्माचा ऐना

आमच्या घरात गेली तीन वर्षं एकच प्रश्न दिवसातून वीस-पंचवीस वेळा विचारला जातो. "आज जुम्मा है क्या रे?" विचारणारी माझी अम्मा. वय ऐंशीच्या पुढे. सोमवारी विचारते, बुधवारी विचारते, आणि शुक्रवारी मी मशिदीतून परत येऊन टोपी खुंटीला अडकवत असलो तरी विचारते. "नाही अम्मा, आज मंगळवार," म्हटलं की "अच्छा, मंगळवार," म्हणते. चहाचा कप खाली ठेवेपर्यंत तो मंगळवार तिच्या हातून निसटलेला असतो.

एखाद्या दिवशी मात्र ती विचारत नाही. जुम्मा आहे असं तिनंच ठरवून टाकलेलं असतं. मग पेटीतून माझा पांढरा कुर्ता निघतो, नातवंडांना आंघोळीला पिटाळलं जातं, आणि भर सोमवारी मी कामावर निघालो की ती दारात उभी राहून रडते. मुलगा नमाज सोडून बाजारात चालला, म्हणून. वार चुकीचा असतो, पण रडणं खरं असतं. त्या रडण्यापुढे माझी बी.ए.ची पदवी आणि छापलेले कवितासंग्रह काही कामाचे नाहीत.

नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे विसरणं औषधानं मागे फिरायचं नाही. तिच्याशी वाद घालू नका. वार, तारीख, वेळ मोठ्या अक्षरांत सतत तिच्या नजरेसमोर राहील असं काही करा. आम्ही भिंतीवर मोठं कॅलेंडर लावलं. अम्मा जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली, वाचता चांगलं येतं. पण कॅलेंडरवर महिन्याचे तीसही दिवस एकदम उभे असतात. त्यातला आजचा कोणता, हे आधी ठाऊक असावं लागतं! ही गोष्ट मला पन्नाशी उलटल्यावर कळली.

गेल्या वर्षी ईदला माझा भाचा आला. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला, पुण्यात नोकरीला. दोन दिवस तो नुसता अम्माकडे बघत होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मामू, नानी दिवसातून पाच वेळा वजू करते आणि पाचही वेळा बेसिनवरच्या ऐन्यात बघून पदर सारखा करते. वार तिथंच लिहून टाकू."

मला वाटलं, ऐन्यावर खडूनं लिहिणार. तर नाही. ऐन्याच्या आतून अक्षरं उमटतील असा ऐना त्याला करायचा होता.

इथं जरा थांबतो. आमच्याकडे लहानपणापासून "ऐना"च म्हणतात. शाळेत गेल्यावर त्याला "आरसा" म्हणतात हे कळलं. ऐना फारसीतून आला, आरसा संस्कृतातल्या "आदर्श" या शब्दावरून प्राकृताच्या वाटेनं आला, आणि मराठीत येऊन दोघंही एकाच खिळ्याला टांगले गेले. मला दोन्ही शब्द प्यारे आहेत. असो.

असा आरसा घरी करायचं वेड जगभर पसरवलं ते नेदरलँड्समधल्या मायकेल टेव या गृहस्थानं. २०१४ साली त्यानं आपल्या घरासाठी एक केला, आणि त्याची सगळी संगणकी मांडणी कुणीही फुकट घ्यावी म्हणून उघडी ठेवली. त्याचा मेंदू म्हणजे रास्पबेरी पाय नावाचा एटीएम कार्डाएवढा संगणक. हाही मुळात पोरांना संगणक शिकता यावा म्हणून इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या मंडळींनी २०१२ साली स्वस्तात काढला. भाच्याकडे एक पडून होता. पडदा आम्ही एका बंद पडलेल्या नेट कॅफेतून आणला. कॉम्प्युटरचा जुना सपाट मॉनिटर, वरचं प्लॅस्टिक काढून टाकलेला. आमच्या सुतारानं सागवानी चौकट आणि मागे खोकं करून दिलं, खोक्याला वर-खाली भोकं पाडली. भोकं कशाला, असं मी विचारलं. म्हणाला, "कवीसाहेब, आत गरम होणार की नाही? त्यालाबी वारा लागतो."

अडलं ते काचेपाशी. साधा आरसा चालत नाही, त्याच्या पाठीला रंग असतो. इथं लागते थोडा प्रकाश आरपार सोडणारी आणि बाकीचा परत फिरवणारी काच. पुढे उजेड, मागे काळोख असला की ती आरसा होते. मागे दिवा लागला की तो दिवा पुढून दिसतो. पडदा पूर्ण काळा ठेवायचा आणि त्यावर पांढरी अक्षरं काढायची. काळ्या जागी आपला चेहरा दिसतो, पांढऱ्या जागी अक्षर. युक्ती म्हणाल तर एवढीच.

हिंगोलीत तशी काच मिळाली नाही. नांदेडला एका दुकानात खिडकीच्या काचेला चिकटवायची चकचकीत फिल्म मिळाली. दुकानदारानं आधी विचारून घेतलं, "गाडीला नाही ना लावायची?" २०१२ साली सुप्रीम कोर्टानं गाड्यांच्या काचांवर फिल्म लावायला बंदी केली, ती भीती त्याच्या मनात अजून आहे. साबणाचं पाणी मारून आम्ही ती फिल्म साध्या काचेवर लावली. बुडबुडे राहिले. माझ्या गालावर देवीचे व्रण आल्यासारखे दिसायला लागले. मग ॲक्रिलिकचा तक्ता मागवला, तो हलका पण किंचित वाकणारा. त्यात जत्रेतल्या हसऱ्या आरशासारखं तोंड लांबलचक दिसे. शेवटी खरी काच पुण्याहून भाच्यानंच मांडीवर धरून बसमधून आणली.

ती काच पुसता पुसता तो म्हणाला, "मामू, आपल्या औंढ्याला होणाऱ्या लायगोत हीच गंमत आहे." मला वाटलं, पोरगं थट्टा करतंय. पण ते खरं आहे. औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा व्हायची आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत केंद्रानं तिला तत्त्वतः मान्यता दिली, एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिथं लेसरचा एक झोत अशाच एका काचेवर पडणार. निम्मा प्रकाश आरपार जाणार, निम्मा काटकोनात वळणार. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्यांतून तो जाणार, टोकाच्या आरशांवर आपटून परत येणार. ते आरसे चाळीस किलो वजनाचे, काचेच्याच बारीक तंतूंना टांगलेले. दूर अंतराळात कृष्णविवरं एकमेकांत मिसळली तर इथल्या नळ्यांची लांबी प्रोटॉनच्या दहा हजाराव्या भागाइतकी बदलेल, आणि तेवढंही त्या आरशांना कळेल. अमेरिकेतल्या लायगोनं १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर पकडली, ती १३० कोटी वर्षांपूर्वी निघालेली होती. मी बेसिनपाशी उभा राहून हिशेब करत होतो. १३० कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट आमच्या जिल्ह्यातल्या आरशाला कळणार, आणि अम्माला सकाळचा नाश्ता आठवत नाही.

आता माझं काम आलं. ही आज्ञावली आरशासमोर आलेल्या माणसाला अधूनमधून काहीबाही गोड बोलते. मूळ वाक्यं इंग्रजी. पहिल्या दिवशी चाचणी चालू असताना माझी बायको समोर आली आणि आरशानं तिच्याविषयी असं काही लिहिलं, की तिनं अर्थ विचारल्यावर भाच्याचे कान लाल झाले. त्यानं ती यादीच माझ्यापुढे टाकली. "मामू, तुम्ही कवी. तुम्हीच लिहा."

मी जोरात सुरुवात केली. पहाटेवर लिहिलं, दवावर लिहिलं, एका वाक्यात चंद्रही आणला. बायकोनं वाचलं आणि म्हणाली, "हे मुशायऱ्यात वाचा. अम्माला कळेल असं लिहा." मग एकेक शब्द गळत गेला. उरलं ते असं: "अम्मा, आज बुधवार आहे." "सकाळची गोळी घेतली का?" "मुलगा कामाला गेला आहे. सहा वाजता येईल." हे शेवटचं वाक्य मला सगळ्यांत जड गेलं, कारण ते रोज खरं करावं लागणार होतं. एवढी वर्षं कविता लिहितो आहे, पण कुठल्या ओळीनं मला संध्याकाळी वेळेवर घरी आणलं नव्हतं.

पहिल्यांदा मराठी म्हणून नुसते रिकामे चौकोन उमटले. त्या संगणकाच्या पोटात देवनागरीचा टाइपच नव्हता. तो घातला, तेव्हा कुठे "शुक्रवार" नीट दिसला. नमाजच्या वेळाही टाकल्या. त्या सूर्यावरून काढायच्या. भारताचं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेलं, आणि हिंगोली सत्त्याहत्तरच्या जरा पुढे. म्हणजे आपल्याकडचा मध्यान्ह त्या रेखांशाच्या सुमारे एकवीस मिनिटं मागून येतो. दुसऱ्या शहराचं वेळापत्रक इथं चालत नाही ते यामुळेच.

आणि लाइट! आठ दिवसांतच ध्यानात आलं, लाइट जाऊन आली की आरसा भलतीच वेळ दाखवतो. भाचा फोनवर म्हणाला, या संगणकात घड्याळ चालू ठेवणारी बॅटरीच नसते. वीज गेली की तो वेळ विसरतो, आणि आल्यावर इंटरनेटला विचारून घेतो. इंटरनेट नसेल तर मागची, जुनी वेळच खरी धरून पुढे चालायला लागतो. मी म्हटलं, "बाबा, असं एक माणूस घरात आहे, आणखी एक कशाला?" तो हसला नाही. पुढच्या खेपेला त्यानं बटणासारखा सेल असलेलं एक छोटं घड्याळ आणून आत बसवलं.

सगळा खर्च साडेपाच-सहा हजारांच्या घरात गेला.

पहिले पंधरा दिवस तर ईदच होती म्हणा. अम्मा वजू करून यायची, पदर घ्यायची आणि मोठ्यानं वाचायची, "आज गुरुवार आहे." मराठीत. आमच्या घरात बोली दखनी, पण लिहिलेलं ती शाळेत शिकवल्यासारखं वाचते, शेवटच्या शब्दावर जोर देऊन. जुम्म्याचा प्रश्न वीसवरून पाच-सहावर आला. सोमवारचं रडणं थांबलं. शेजारीपाजारी बघायला येऊ लागले. मी प्रत्येकाला लायगोसकट सगळं समजावून सांगत होतो.

मग एका मगरिबच्या वेळी अम्मा बायकोला म्हणाली, "दुल्हन, वो बुढी कब से खडी है. उसको भी चाय दे."

आम्ही हसलो. बायकोनं खरंच एक कप बेसिनवर ठेवला. दुसऱ्या दिवशी तेच. अम्मा तिच्याशी बोलायची, पाऊसपाण्याचं विचारायची. तिच्या माहेरची, सेनगावकडची असावी असंही तिनं ठरवून टाकलं. आधीच्या साध्या ऐन्यात तिनं कधी असं केलं नव्हतं. का, ते मी खूप शोधलं. कदाचित नवा ऐना मोठा होता, कमरेपर्यंतचं माणूस दिसायचं. कदाचित काच जरा काळसर असल्यानं चेहरा मागे अंधारात उभा असल्यासारखा वाटे. कदाचित आजारच एक पायरी खाली उतरला होता. आठवड्याभरानं तिचा आवाज बदलला. "इसने मेरी साडी क्यों पहनी?" एका रात्री ती ओरडत उठली, की ती बाई घरात शिरली आहे, पेटी उघडते आहे. तिचे हात थरथरत होते. मी तिला धरून बसलो. ती मला ओळखत होती. स्वतःला ओळखत नव्हती.

डॉक्टर म्हणाले, या आजारात असं होतं. आपलाच चेहरा परका वाटतो. आरसे झाका किंवा काढून टाका.

आम्ही त्यावर ओढणी टाकली. बाई गेली, पण बुधवारही गेला. दोन दिवसांत जुना प्रश्न सुरू झाला, सोमवारी पुन्हा दारात रडणं. ओढणी काढावी तर भीती, टाकावी तर हे. मी भाच्याला फोन केला. माझा आवाज ऐकून तो जरा गप्प राहिला, मग म्हणाला, "मामू, चौकटीच्या मागचे चार स्क्रू काढा आणि फक्त काच बाहेर घ्या. बाकीचं तसंच राहू द्या."

जी काच मिळवायला आम्ही हिंगोली, नांदेड, पुणे केलं, ती पाच मिनिटांत निघाली. आता चौकटीत नुसता काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं. मधली काच गेल्यामुळे ती अक्षरं आधीपेक्षा किती तरी ठळक दिसतात. पडद्याला चकाकी नाही, त्यात कुणी दिसत नाही. काच मी वरच्या खोलीत काळा कागद मागे लावून उभी केली आहे. दाढी तिथं करतो. चांगली काच आहे.

अम्मा आता पूर्वीसारखी वजू करून येते. आज सकाळीही आली, पदर घेतला, वाचलं, "आज रविवार आहे." मग पडद्याकडे पाहतच राहिली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "वो नहीं आई रे? बहोत दिन हुए."

मी म्हटलं, "सेनगावला गेली आहे अम्मा, माहेरी."

"अच्छा," म्हणाली. आणि जरा वेळानं, "चाय पी के गई क्या?"

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)