समुद्रातली बुरशी, वाशिमचा दवाखाना

वाशिमपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरी सेफ्ट्रियाक्सोन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन आपल्याही दवाखान्यात मिळतं. या औषधकुळाची मूळ बुरशी १९४५ मध्ये इटलीतल्या सार्डिनिया बेटाच्या किनाऱ्यावर, सांडपाणी समुद्राला मिळतं तिथे, ज्युसेप्पे ब्रोत्झू यांना सापडली.

अशा बुरशीची कित्येक जनुकं प्रयोगशाळेत निद्रिस्तच राहतात. रसायनांनी किंवा अतिनील किरणांनी उत्परिवर्तन घडवलं, की त्यातली काही जागी होतात आणि मूळ बुरशीत कधी न दिसलेली संयुगं हाती येतात. मला हे विलक्षण वाटतं! आणि बुरशी फक्त किनाऱ्यावरच सापडते असं नाही; गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं तर हिंदी महासागरात सुमारे ५००० मीटर खोलीवरच्या गाळातूनही बुरशी मिळवली आहे.

तरी अशा संयुगांतून नवं प्रतिजैविक मिळायला वर्षानुवर्षं लागतात, आणि गरज नसताना वापरलं तर जुनं निकामी होत जातं. म्हणून विनंती, डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही औषधं घेऊ नका.