अंतराळांतील अडगळ

शके १९४४ च्या गुढीपाडव्याची, म्हणजे २ एप्रिल २०२२ ची रात्र विदर्भांतील पुष्कळ लोकांच्या स्मरणांत राहिली आहे. दिवेलागण होऊन गेली होती. इतक्यांत आकाशांतून जळते गोळे एकामागून एक सरकत जातांना दिसले. कोणी त्यांस उल्का म्हटलें, कोणास विमान पेटल्याचा भास झाला. त्याच सुमारास चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यांत, लाडबोरी गांवीं, सुमारें तीन मीटर व्यासाचें धातूचें एक कडें येऊन पडलें. सुदैवानें कोणास इजा झाली नाहीं. तज्ज्ञांनीं मागोवा घेतला, तेव्हां फेब्रुवारी २०२१ मध्यें उडालेल्या एका चिनी अग्निबाणाच्या वरच्या टप्प्याचा तो अवशेष असावा, असें अनुमान निघालें.

काम संपल्यावर वर्षभर ही वस्तु वर करीत काय होती? उत्तर सरळ आहे: ती पृथ्वीला प्रदक्षिणा घालीत होती. ४ ऑक्टोबर १९५७ रोजीं रशियानें पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. तेव्हांपासून मानवाच्या प्रत्येक उड्डाणाबरोबर कांहींना कांहीं अडगळ वर सांचत गेली. निकामी उपग्रह, रिते अग्निबाण, फुटलेल्या टाक्यांचे तुकडे, रंगाचे पोपडेसुद्धां! अमेरिकेनें मार्च १९५८ मध्यें सोडलेला ‘व्हॅनगार्ड’ १९६४ सालीं मुका झाला. त्याचें भ्रमण मात्र अद्यापि चालूच आहे.

दोनतीनशें किलोमीटर उंचीवर विरळ कां होईना, पण हवा असते. तिच्या घर्षणानें वस्तूचा वेग मंदावतो व ती कांहीं दिवसांत किंवा महिन्यांत खालीं येऊन बहुतांशीं जळून जाते. आठशें किलोमीटरांवर हा अवधि शतकांचा होतो. एक सेंटिमीटराहून मोठे असे दहा लक्षांहून अधिक तुकडे आज फिरत असावेत, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. त्यांपैकीं साधारणतः दहा सेंटिमीटरांहून मोठे तेवढेच पृथ्वीवरून नीट टिपतां येतात.

एवढ्याशा तुकड्याचें भय तें काय, अशी शंका साहजिक आहे. परंतु त्यांचा वेग सेकंदास सात-साडेसात किलोमीटर असतो. त्या वेगानें मुंबईहून पुण्यास जावयास वीस सेकंद पुरतील! १९८३ सालीं ‘चॅलेंजर’ यानाच्या खिडकीवर रंगाचा एक कण आदळला, तेवढ्यानें कांचेस खळगा पडून ती बदलावी लागली.

मोठ्या वस्तूंची टक्कर झाली तर काय होतें, हें १० फेब्रुवारी २००९ रोजीं दिसलें. सैबेरियावर, सुमारें ७९० किलोमीटर उंचीवर, दूरध्वनीच्या कामांतील ‘इरिडियम ३३’ हा अमेरिकन उपग्रह आणि कित्येक वर्षें निकामी असलेला ‘कॉसमॉस २२५१’ हा रशियन उपग्रह एकमेकांवर आदळले. दोघे कांहींशें मीटर अंतर राखून जातील, असें गणित होतें. गणित चुकलें, आणि दोहोंचे मिळून दोन हजारांवर मोठे तुकडे झाले. डोनाल्ड केसलर व बर्टन कूर-पॅले या शास्त्रज्ञांनीं १९७८ सालींच हा धोका दाखविला होता: एका टकरीचे तुकडे दुसरी टक्कर घडवितील, दुसरीचे तिसरी, आणि मग नवीन उड्डाणें थांबविलीं तरी अडगळ वाढतच राहील.

या अडगळींत मानवानें जाणूनबुजून भर घातली, हें अधिक खेदाचें. शस्त्राची परीक्षा म्हणून चीननें २००७ सालीं, भारतानें २०१९ सालीं व रशियानें २०२१ सालीं आपलेच उपग्रह फोडले. भारताची परीक्षा सुमारें तीनशें किलोमीटरांवर झाल्यामुळें तिचे बहुतेक तुकडे लौकर खालीं आले. चीनची साडेआठशेंहून अधिक उंचीवर झाली, आणि तिचे पुष्कळसे तुकडे अजून फिरत आहेत. रशियाच्या परीक्षेनंतर तर अंतराळस्थानकांतील प्रवाशांना परतीच्या यानांत आश्रय घ्यावा लागला; त्यांत रशियाचे स्वतःचे प्रवासीही होते!

मग ही अडगळ काढावयाची कोणीं? १९६७ च्या करारान्वयें वर गेलेली वस्तु निकामी झाली तरी तिच्यावरील मूळ देशाचा हक्क सुटत नाहीं. म्हणून दुसऱ्याचा कचरा परस्पर उचलतां येत नाहीं. १९७२ च्या करारानें जमिनीवरील नुकसानीची भरपाई त्या देशावर बसविली. १९७८ सालीं अणुभट्टी असलेला एक रशियन उपग्रह कॅनडांत कोसळला, तेव्हां रशियास पुढें तीस लक्ष डॉलर द्यावे लागले. परंतु वरच्या वर झालेल्या टकरींत दोष सिद्ध करावा लागतो, आणि तेथें साक्षीदार कोठून आणावा?

तूर्त खरा उपाय म्हणजे ज्यानें त्यानें आपलें आवरून घेणें. भारत व फ्रान्स यांचा ‘मेघा-ट्रॉपिक्स’ हा हवामानाचा उपग्रह निकामी होऊन शंभर वर्षांवर वर रेंगाळला असता. उरलेलें इंधन वापरून भारतीय शास्त्रज्ञांनीं तो क्रमाक्रमानें उतरविला आणि ७ मार्च २०२३ रोजीं प्रशांत महासागरावर त्याचा शेवट केला. पाणवठा सर्व गांवाचा असतो, म्हणूनच तो घाण करण्याचा अधिकार कोणासच नसतो. हवामानाचे अंदाज, दूरचे संदेश, वादळाच्या पूर्वसूचना ज्या वाटेनें घरोघर येतात, ती वाट मोकळी ठेवावयाची असेल, तर गांवचा हा साधा नियम वरही पाळावा लागेल.