ओल्या पावलाचा ठसा

मोरीतून बाहेर आलेल्या माणसाचे ओले पाऊल फरशीवर उमटते. बहुतेकांच्या ठशात टाच आणि चवडा बाहेरच्या कडेने जोडलेले असतात. माझ्या खालाच्या मुलाची मात्र टाच वेगळी, चवडा वेगळा उमटे. मध्ये कोरडी फरशी. त्याची चप्पल बाहेरून झिजे, घोटा वारंवार मुरगळे. आम्ही म्हणायचो, ‘नीट बघून चाल.’ दोष नजरेचा नव्हता, मज्जातंतूंचा होता. हे कळायला फार वर्षे गेली.

शार्को, मारी आणि टूथ या डॉक्टरांनी १८८६ साली या आनुवंशिक आजाराचे वर्णन केले. साधारण अडीच हजारांत एकाला तो असतो. पायाचे काही स्नायू आधी दुबळे होतात, काही टिकतात. या ओढाताणीत कमान उंचावते, बोटे आकसतात, टाच आत वळते.

तपासणीला एक लाकडी ठोकळाही पुरतो. इंचभर उंचीच्या ठोकळ्यावर टाच आणि पावलाची बाहेरची कड ठेवायची, अंगठ्याकडची बाजू खाली मोकळी सोडायची. डॉक्टर मागून पाहतात. टाच सरळ झाली, तर ती अजून लवचीक आहे, मूळ दोष पुढच्या भागात आहे. झाली नाही, तर ती ताठरली आहे. शस्त्रक्रिया कुठे करायची, हे ठरवायला त्याची मदत होते.

प्रत्येक उंच कमान म्हणजे आजार नव्हे. पण आई किंवा वडिलांना तो असेल, तर त्याच्या नेहमीच्या प्रकारात प्रत्येक अपत्याला धोका निम्मा असतो. म्हणून एकाचे पाऊल तपासताना घरच्यांचीही पाहावीत. आणि मूल सारखे पडत असेल, तर रागावण्याआधी त्याच्या ओल्या पावलाचा ठसा पाहावा.