गोठ्यातले दुखणे लपवू नका
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. भाषणाची मला सवय नाही. पण गोठ्याने मला जे शिकविले, ते चार शब्दांत सांगते.

सन २०२२ च्या ऑगस्टात जळगाव जिल्ह्यात जनावरांना लम्पी रोग झाल्याचे दिसले आणि पाहता पाहता तो राज्यभर पसरला. जनावरांचे बाजार बंद झाले. अडीनडीला बैल विकण्याची सोय उरली नाही. वारंगुळ्याने एकमेकांचे बैल नेणारी माणसे एकमेकांच्या गोठ्याकडे फिरकेनात.

त्या दिवसांत आमच्या गायीला ताप आला. मग अंगावर गाठी उठल्या, पाय सुजले. मला उमगले होते. पण दोन दिवस मी कोणास सांगितले नाही. दूध कोणी घेणार नाही, शेजारणी दार टाळतील, अशी भीती वाटली. पुढे पंधरवड्यात शेजारच्या वहिनींचे वासरू त्याच रोगाने दगावले. रोग माझ्याच गोठ्यातून गेला की नाही, देव जाणे; पण माझ्या मनातून ते जात नाही.

आमची गाय वाचली, पण आटली. सरकारने मेलेल्या दुभत्या गायीस ३०,०००, बैलास २५,००० व वासरास १६,००० रुपये मदत ठरविली होती. परंतु आटलेल्या दुधाचा हिशेब कोण धरणार? दर दहा दिवसांनी येणारे दुधाचे पैसे हा बाईच्या हातचा पैसा. त्यातूनच किराणा, लेकीचा एस. टी. चा पास आणि भिशीचा हप्ता. ते सारे अडले, आणि जखमा धुण्याचे कामही बाईच्याच वाट्याला आले.

भगिनींनो, हा रोग माणसाला होत नाही. दूध उकळून घेतले की भय नाही. चावणाऱ्या माश्या, डास व गोचीड यांच्यामुळे तो पसरतो. म्हणून गोठा कोरडा ठेवा. जनावर निरोगी असतानाच लस टोचून घ्या. गाठ दिसताच ते वेगळे बांधा आणि त्याच दिवशी जनावरांच्या दवाखान्यात कळवा.

वहिनींना मी मागाहून सगळे सांगितले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आधी बोलली असतीस, तर वासरू मी घरात मच्छरदाणीखाली ठेवले असते."

जिच्या गोठ्यात दुखणे येईल तिला दूर लोटू नका. लोक पाठ फिरवितात म्हणूनच माणसे लपवितात. भिशीचा हिशेब आपण मंडळात उघड करतो, तसे गोठ्याचे दुखणेही येथे उघड बोलावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.