दाढी : आधी पाणी, मग पातं

म्हैसूर जिल्ह्यातल्या पिरियापट्टणहून बोलतोय. आजचा विषय साधा आहे, दाढी. रोज करतो म्हणून ती नीट येते असं आपण धरून चालतो. मान लाल होते, पुटकुळ्या येतात, आणि आपण म्हणतो, "माझी कातडीच नाजूक!"

फौजेत शीख जवान सोडले तर बहुतेकांना रोज दाढी करावी लागते. त्यामागे केवळ टापटीप नाही. पहिल्या महायुद्धात विषारी वायू आला तेव्हा मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसणं जिवावरची गोष्ट झाली. मध्ये खुंट असले की फट राहते. जिलेट यांच्या सेफ्टी रेझरला अमेरिकेत १९०४ साली पेटंट मिळालं होतं. त्या युद्धात तो सैनिकांच्या सामानात पोचला.

आता पद्धत. कोरडा केस ताठ असतो, पाणी प्यायला की मऊ होतो. म्हणून अंघोळीनंतर दाढी करा, नाहीतर दोन-तीन मिनिटं कोमट पाण्याचा टॉवेल चेहऱ्यावर धरा. मग ब्रशने गोल फिरवत फेस करा. फेस दिसायला नाही, पातं घसरायला लागतो.

हनुवटीखाली बोट फिरवून बघा. मानेवरचे केस कुठे खाली, कुठे आडवे वाढतात. ज्या दिशेला वाढतात त्याच दिशेने रेझर चालवा. जोर देऊ नका, रेझरचं वजन पुरेसं आहे. अगदी गुळगुळीत हवी असेल तर पुन्हा फेस लावून आडवा हात फिरवा. उलटा हात मारला की केस कातडीच्या खाली तुटतो, वाढताना वाकून आत घुसतो आणि गाठ येते. कुरळ्या केसांना हा त्रास जास्त. गाठी आल्या असतील तर काही दिवस दाढी करू नका, सुईने कोरू तर मुळीच नका. पाच-सात दाढ्या झाल्या, की पातं बदला.

शेवटी गार पाणी. चेहरा टिपा, घासू नका. झोंबणारं आफ्टरशेव्ह कातडी कोरडी करतं. त्यापेक्षा साधं, वास नसलेलं मॉइश्चरायझर बरं. अतिथंड चौकीवर दाढी रात्री झोपण्यापूर्वी करावी असं सांगतात, कारण दाढीने चेहऱ्यावरचं नैसर्गिक तेल निघून जातं आणि ते परत यायला वेळ लागतो.

आमच्या तालुक्यातल्या शेतकऱ्यांसाठी एक गोष्ट. इथे तंबाखू पिकते. पावसात ओली पानं खुडताना निकोटीन कातडीतून अंगात जातं, मळमळतं, गरगरतं. नुकतीच दाढी केलेल्या चेहऱ्यावर बारीक ओरखडे असतात. तेव्हा शेतातून आल्यावर आधी हात साबणाने धुवा, मगच तोंडाला लावा.

आता सर्वांत महत्त्वाचं. हेपटायटिस बी हा लिव्हरचा आजार रक्तातून पसरतो, आणि त्याचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्ताच्या डागातही निदान सात दिवस जिवंत राहतो. डोळ्यांना न दिसणारा थेंब पुरतो. सलूनमध्ये खुर्चीत बसल्यावर नवं पातं तुमच्यासमोर उघडायला सांगा. वस्तरा पुसला म्हणजे स्वच्छ झाला असं नाही. आणि ती सगळ्यांच्या गालावरून फिरणारी तुरटी! रक्त थांबवते खरी, पण दहा जणांच्या जखमांवरून आलेली असते. आपली तुरटी घरून न्या. घरातही बापलेकांनी एक रेझर वापरू नये.

न्हावीदादांवर यात अविश्वास नाही. पातं त्यांच्याही बोटाला लागतं, म्हणून ही काळजी त्यांचीही आहे. या आजारावर लस आहे. दोघांनीही डॉक्टरांना विचारून ती घ्यावी.

रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, तर इलेक्ट्रिक ट्रिमर वापरा. गालावरचा तीळ वाढला, रंग बदलला किंवा एखादी जखम महिनाभर भरली नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

उद्या सकाळी एवढंच करा : पातं तपासा आणि तीन मिनिटं पाण्याला द्या. जय हिंद.