परिचारिकेचा पांढरा वेष



परिचारिकांनीं पूर्वीचा पांढरा वेष पुन्हां धारण करावा कीं नाहीं, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ कापडाच्या रंगाचा दिसतो. मलाही तो बरींच वर्षें तसाच वाटत होता. परंतु थोरल्या बहिणीच्या शस्त्रक्रियेनिमित्त एका मोठ्या रुग्णालयांत पांच रात्री काढण्याचा प्रसंग मजवर आला, आणि तेव्हांपासून ह्या प्रश्नाकडे मी निराळ्या दृष्टीनें पाहूं लागलों.

तिसऱ्या रात्रीं सलाइनची बाटली रिकामी झाली व नळींत रक्त उलटें चढूं लागलें. मी घाबरून बाहेर धांवलों. समोर निळ्या कपड्यांतील एक बाई दिसल्या, त्यांना हांक मारली. त्या झाडलोट करणाऱ्या निघाल्या. पुढें निळ्याच कपड्यांतील एक गृहस्थ भेटले, ते क्ष-किरण विभागाचे होते. तिसरी व्यक्ति मात्र परिचारिका होती, आणि तिचेही कपडे निळेच! तिनें येऊन अर्ध्या मिनिटांत सर्व ठीक केलें. अनर्थ कांहीं झाला नाहीं. पण अक्का म्हणाली, "पूर्वीं बरं होतं रे, पांढरं दिसलं कीं सिस्टर म्हणून हांक मारावी." पांढऱ्या वेषाच्या कैवाऱ्यांनीं आजवर जे जे मुद्दे मांडले आहेत, त्या सर्वांहून आजारी माणसाच्या तोंडचें हें एक वाक्य मला बळकट वाटतें.

अमेरिकेंत क्लीव्हलंड येथें रुग्णांना व त्यांच्या आप्तांना निरनिराळ्या वेषांतील परिचारिकांचीं छायाचित्रें दाखवून मतें विचारण्यांत आलीं होतीं. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणींत वयस्कांचा कौल पांढऱ्या वेषाकडे पडला. लहानांना मात्र तसा फरक जाणवला नाहीं. ह्यावरून असें दिसतें कीं, पांढऱ्या रंगांत स्वतःची अशी कांहीं जादू नसून ती जादू आठवणींची आहे. ज्यांनीं तो वेष पाहिला, त्यांनाच तो हवा आहे.

बरें, परंपरा म्हणावी तर तीही फार जुनी नाहीं. १८५४ सालीं फ्लॉरेन्स नाइटिंगेल अडतीस स्त्रियांना घेऊन स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयाकडे निघाल्या, तेव्हां त्या स्त्रियांसाठीं जाड्याभरड्या करड्या लोकरीचे झगे शिवले होते. त्या काळचे शल्यवैद्यही काळा कोट घालूनच शस्त्र चालवीत. पुढें पाश्चरनें जंतूंचें कार्य उघड केलें, १८६७ सालीं लिस्टरनें कार्बोलिक आम्लाचा उपयोग जगापुढें मांडला, आणि मळ लपविणाऱ्या काळ्या रंगाची जागा मळ दाखविणाऱ्या पांढऱ्यानें घेतली. पांढरा रंग आला तो हिशेबी बुद्धीनें. पावित्र्याचें वलय त्याला मागाहून चिकटलें. आणि गंमत अशी कीं, ज्या शस्त्रक्रियागृहांत त्याची थोरवी सर्वांत अधिक, तेथूनच तो आधीं निघाला. १९१४ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्को येथील शर्मन नांवाच्या शल्यवैद्यानें लखलखीत पांढऱ्यानें डोळे दिपतात म्हणून हिरवा रंग आणला. लाल रक्ताकडे टक लावून पाहणाऱ्या डोळ्यांस हिरव्यानें विसांवा मिळतो. ह्या बदलानें शल्यवैद्यांची प्रतिष्ठा गेली असें कोणी म्हणाल्याचें ऐकिवांत नाहीं!

आपल्याकडे ह्या रंगाचे अर्थही एकसारखे नाहींत. बंगाल्यांत पांढरें वस्त्र हें वैधव्याचें चिन्ह, तर महाराष्ट्रांत जुन्या काळीं ब्राह्मण विधवेच्या वांट्यास तांबडें आलवण येई. १९०९ सालीं पुण्यास सेवासदन स्थापन झालें आणि रमाबाई रानडे ह्यांच्या प्रोत्साहनानें स्त्रिया ससून रुग्णालयांत परिचर्या शिकावयास जाऊं लागल्या, तेव्हां परपुरुषाची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रीकडे समाज कोणत्या नजरेनें पाहत असे, हें सांगावयास नकोच. अशा काळांत गणवेष हा त्या स्त्रियांना चिलखतासारखा उपयोगी पडला असला पाहिजे, असें मला वाटतें. त्याचें हें ऋण मी नाकारीत नाहीं.

परंतु तें चिलखत अंगावर वागविणें म्हणजे काय, हें ज्यांनीं वागविलें त्यांनाच विचारावें. आमच्या शेजारीं एक सेवानिवृत्त परिचारिका राहतात. त्या म्हणाल्या, "तुम्हांला आमची इस्त्री दिसली, महिन्याचे ते चार दिवस आम्ही रात्रपाळी कशी काढली तें दिसलं नाहीं." रात्रभर उभ्यानें काम, जागेवरून हलण्याची सोय नाहीं, अंगावर पांढरी साडी आणि मनांत एकच धास्ती! आयोडिनाचे डाग, औषधांचे डाग. घरीं गेल्यावर झोंप बाजूस ठेवून साडी धुवावयाची, नीळ द्यावयाची, टोपीला खळ लावावयाची, आणि साबणाचा खर्च पुष्कळदां पदरचाच. टोपी तर वांकतांना हटकून कोठें तरी अडके. सभांतून परिचारिकेला 'शुभ्रवसना देवता' म्हणून गौरविणाऱ्या वक्त्यांना ह्यांतलें कांहीं ठाऊक नसतें. देवतेच्या वेतनाची गोष्ट निघाली कीं तेही सभेंतून लवकर उठतात. शिवाय आतां ह्या व्यवसायांत पुरुषही आहेत. त्यांनीं कोणती टोपी घालावी?

स्वच्छतेपुरतें बोलावयाचें तर पांढऱ्या कापडावर मळ दिसतो, जंतु दिसत नाहींत. २००७ सालीं इंग्लंडच्या आरोग्य खात्यानें दिलेल्या सूचनांत भर होता तो कोंपराखालीं हात उघडे ठेवण्यावर, म्हणजे ते नीट धुतां यावेत. आणि साठ अंश उष्णतेच्या पाण्यांत दहा मिनिटें कपडे धुतले असतां बहुतेक जंतु नाहींसे होतात असें त्यांत म्हटलें होतें. तेव्हां प्रश्न रंगाचा नसून धुलाईचा आहे, आणि ती धुलाई रुग्णालयानें करावी कीं थकल्याभागल्या बाईनें आपल्या न्हाणीघरांत करावी, हा आहे.

मग अक्काच्या वाक्याचें काय? तें तर खोटें नाहीं. तिला पांढरें वस्त्र नको होतें. कोणाला हांक मारावी हें कळावयास हवें होतें. केट ग्रेंजर ह्या इंग्लंडमधील डॉक्टर स्वतः कर्करोगानें रुग्णशय्येवर पडल्या, तेव्हां आपणांस तपासणारे कित्येक जण आपलें नांवही सांगत नाहींत, हें त्यांच्या ध्यानांत आलें. २०१३ सालीं त्यांनीं चळवळ सुरू केली ती एवढीच, कीं प्रत्येकानें प्रथम आपलें नांव सांगावें. २०१५ सालीं लायबेरियांत इबोलाच्या सांथींत मेरी बेथ हेफर्नन ह्या चित्रकर्तीनें सेवकांचीं हंसरीं छायाचित्रें त्यांच्या संरक्षक पोषाखावर छातीशीं चिकटविलीं. २०२० च्या करोनाच्या सांथींत आपल्याकडेही त्या पोषाखांवर शाईनें नांवें लिहिलेलीं आपण पाहिलींच आहेत.

म्हणून माझें म्हणणें इतकेंच, कीं प्रत्येक रुग्णालयानें परिचारिकांसाठीं एक रंग राखून ठेवावा आणि तो दुसऱ्या कोणासही देऊं नये. कोणता, तें परिचारिकांनींच ठरवावें. त्यांनीं पांढरा निवडला तर माझी हरकत नाहीं. नांव मात्र छातीवर ठळक देवनागरी अक्षरांत असावें, म्हातारीला चष्म्यावांचून वाचतां येईल असें.

अक्का आतां बरी आहे. घरीं आल्यावर त्या रात्रींच्या परिचारिकेला दिवाळीचा फराळ पाठवावा असें तिच्या मनांत आलें, आणि तिनें मला नांव विचारलें. गळ्यांतील ओळखपत्र त्या रात्रीं उलटें फिरलें होतें. मला तें सांगतां आलें नाहीं.