बाजूस सरणारी मदत



ज्युबिली म्हणजे केवळ रोषणाई नव्हे. लेवीय ग्रंथांतील ज्युबिली वर्ष हें बांधलेल्यांस मोकळें करून स्वगृहीं पोंचविण्याचें वर्ष होतें. म्हणून शाळेच्या अंगणांत एकट्या राहणाऱ्या स्वमग्न मुलांविषयीं आज आम्ही दोन शब्द बोलणार आहों.

स्वमग्न हें नांव थोडें फसवें आहे. त्यांतील कित्येकांस सोबत हवी असते. परंतु समोरच्याच्या मुद्रेवरून त्याचें मन ओळखणें, खेळांत आपल्या पाळीची वाट पाहणें, ह्या गोष्टी इतर मुलें पाहून शिकतात. ह्यांना त्या उकलून सांगाव्या लागतात. हा आईच्या संगोपनाचा दोष नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांत स्वमग्नतेचा समावेश असून, अशा मुलांस इतरांसमवेत शिकवावें असा त्याचा रोख आहे.

एका आईनें असा मुलगा आणिला तेव्हां आम्हीच प्रथम कचरलों, हें कबूल करितों. तिनें एवढेंच विचारिलें, "फादर, मग ह्यानें माणसांत राहणें शिकावें तरी कोठें?" आम्हांपाशीं उत्तर नव्हतें.

ह्या कामीं वर्गांतील मदतनीस बाई उपयोगी पडते. ती चित्रें दाखवून खेळाचा क्रम समजाविते. कॅरमपाशीं "आतां ह्याची पाळी, मग तुझी" असें हळूच सांगते. गलका असह्य झाला तर मुलास शांत कोपऱ्यांत नेते. परंतु ती सारा दिवस त्याला चिकटून बसली, तर तिचीच भिंत होते. मुलें तिच्याशीं बोलतात, त्याच्याशीं नाहीं. म्हणून तिनें आधीं शब्दानें, मग खुणेनें, शेवटीं दुरून मदत करावी. सोबत्यांसही शिकवावें: थोडक्यांत विचारा, उत्तरासाठीं थांबा, त्यानें नजर चुकविली म्हणून रागावूं नका. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचें मोठेपणही बाजूस सरण्यांतच होतें.

पुष्कळदां ह्या मदतनीसाचें वेतन आईबापांस पदरचें द्यावें लागतें. ज्युबिलीच्या कमानींचा खर्च आवरून एका मदतनीसाच्या वर्षभराच्या वेतनाची तरतूद आपल्या धर्मग्रामानें करावी, अशी आमची विनंती आहे. कमानी आठ दिवसांत उतरतील. पण अंगणांतलें एक मूल खेळांत सामील झालें, तर ज्युबिली खरी साजरी झाली असें आम्ही समजूं.

प्रभु आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.